बादलीची कडी वाजली की: अभिसंधान शिकायला सुरुवात कशी करायची

माझं माहेर खानापूर तालुक्यात. पहाटे वहिनी धार काढायला गोठ्यात जाते, तेव्हा तिने म्हशीला अजून हातही लावलेला नसतो. ती दाराशी पोचते, बादलीची कडी खळ्ळकन वाजते आणि म्हैस कान टवकारून मान वळवते. रेडकू खुंट्यालाच बांधलेलं असतं. वहिनी पाटी ठेवून, पाणी घेऊन खाली बसेपर्यंत सड फुगून आलेले असतात. म्हशीला पान्हा फुटलेला असतो तो कडीच्या आवाजाने.

बेळगावात बी.एड.च्या मुलामुलींना मी मानसशास्त्र शिकवते. अभिसंधानाचा, म्हणजे खुणांमुळे आणि परिणामांमुळे वागणं कसं शिकलं जातं त्याचा, धडा आला की सगळ्यांना कुत्रा, घंटा आणि लाळ पाठ असतं. ‘हे तुम्ही स्वतः कुठं पाहिलंय?’ असं विचारलं की वर्ग गप्प. एकदा नंदगडकडची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्यात कुत्रं नाही.” तिच्या घरी चार म्हशी होत्या. तेव्हापासून मी धडा गोठ्यातून सुरू करते. हा लेखही तसाच आहे. मानसशास्त्र पहिल्यांदाच हातात घेतलेल्यांसाठी, नव्या शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरी एखादं हट्टी पोर आहे त्यांच्यासाठी. साहित्य म्हणाल तर चाळीस पानी वही, पेन आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर.

पायरी १: आपोआप होतं की केलं जातं?

कुठलीही वागणूक समोर आली की आधी एवढंच विचारा: ही अंगात आपोआप होते, की कुणीतरी ती करतं?

तोंडाला पाणी सुटणं, छातीत धडधडणं, पोटात गोळा येणं, पान्हा फुटणं, अंगावर काटा येणं हे आपोआप होतं. ‘चल, आता लाळ गाळ’ असं म्हणून कुणी लाळ गाळत नाही. अशा गोष्टी एखाद्या नव्या खुणेला जोडल्या जातात, त्याला अभिजात अभिसंधान म्हणतात. इथे आधी काय आलं ते पाहायचं.

हट्ट करणं, अभ्यासाला बसणं, दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडणं, दुकानदाराशी घासाघीस करणं हे केलं जातं. त्याचा परिणाम जसा मिळतो तशी ती वागणूक वाढते किंवा घटते. हे साधक अभिसंधान. इथे नंतर काय मिळालं ते पाहायचं.

खऱ्या आयुष्यात दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. शाळेचं नाव काढलं की पोराच्या पोटात दुखतं (आपोआप), मग ते रडतं (केलं), मग घरी राहायला मिळतं (परिणाम). पण गुंता सोडवायचा तर आधी दोन दोरे वेगळे धरता आले पाहिजेत.

पायरी २: अवघड शब्द गोठ्यात नेऊन बांधा

इवान पावलोव्ह (१८४९–१९३६) हे रशियन शरीरशास्त्रज्ञ. १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांना दिसलं की अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटते आहे, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी सुटते आहे. मोजमाप बिघडवणारी ही भानगड त्यांनी टाकून दिली नाही, तिचाच पाठपुरावा केला. पुस्तकात घंटा असते, पण प्रयोगशाळेत मेट्रोनोमची (ठेका धरणाऱ्या यंत्राची) टिकटिक, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं जाई.

आता शब्द. रेडकाने सडाला तोंड लावलं की पान्हा येतो, हे म्हशीला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून रेडकाचं तोंड हा ‘अनभिसंधित उद्दीपक’ (उद्दीपक म्हणजे प्रतिसाद जागवणारी गोष्ट) आणि त्यावर येणारा पान्हा हा ‘अनभिसंधित प्रतिसाद’. ‘अन’ म्हणजे न शिकवलेलं, इतकं लक्षात ठेवलं तरी परीक्षेत अर्धी लढाई जिंकता. बादलीची कडी आधी नुसता आवाज होता, म्हणजे तटस्थ. रोज कडी वाजून मग धार काढली गेली, तसा तो ‘अभिसंधित उद्दीपक’ झाला आणि कडीलाच येणारा पान्हा ‘अभिसंधित प्रतिसाद’.

आत काय घडतं तेही सांगते, नाहीतर हे सगळं जादूसारखं वाटतं. खूण मिळाली की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं, ते कासेत पोचतं आणि दूध धरून ठेवलेल्या बारीक पिशव्यांभोवतालच्या पेशी आवळतात. म्हैस घाबरली की हेच अडतं. गोठ्यात अनोळखी माणूस आला की ती पान्हा चोरते म्हणतात. म्हैस काही चोरत नसते. भीती आणि पान्हा एका वेळी नांदत नाहीत, एवढंच. हे वाक्य खाली पुन्हा उपयोगी पडणार आहे.

इथे नवशिके एक चूक हमखास करतात. दोन गोष्टी बरोबर आल्या की जोडल्या जातात, असं त्यांना वाटतं. तेवढं पुरत नाही. १९६८ साली रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की आवाजानंतर विजेचा झटका बसत असला, पण आवाज नसतानाही तितकेच झटके बसत असतील, तर उंदीर त्या आवाजाला घाबरायला शिकत नाहीत. खुणेने खबर दिली पाहिजे. वहिनीने तीच बादली दिवसभर पाण्याला, शेणाला, धुण्याला वापरली असती, तर कडी शंभरदा वाजून धार दोनदाच निघाली असती आणि म्हशीने त्या आवाजाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. वहिनीने रेस्कोर्लांचं नावही ऐकलेलं नाही. पण धारेची बादली ती वेगळी टांगते आणि आम्ही कुणी हात लावला तर ओरडते.

पायरी ३: स्वतः करून पाहा

घरचा कुत्रा, नाहीतर तुम्हाला चांगला ओळखणारा गल्लीतला कुत्रा निवडा. तेही नसेल तर काचेच्या टाकीतले मासे चालतील. त्याने आजवर जेवणाशी न जोडलेला आवाज शोधा. ताटाचा, डब्याच्या झाकणाचा नको, ते आधीच पढवलेले आहेत. काचेच्या ग्लासवर चमच्याने एकदाच टिंग करणं सोपं.

रोज संध्याकाळी आठ-दहा वेळा असं करा: टिंग, मनात ‘एक’ म्हणा, मग भाकरीचा तुकडा. क्रम उलटा करू नका. तुकडा आधी आणि आवाज मागून आला तर आवाजाकडून कसलीच खबर मिळत नाही आणि शिकणंही जवळजवळ होत नाही. दोन टिंगांमधलं अंतर कमीजास्त ठेवा, कधी मिनिटभर, कधी तीन मिनिटं. तेच अंतर ठेवलंत तर कुत्रा वेळ ओळखतो की आवाज, ते तुम्हाला कळणार नाही. हात खिशाकडे नेण्याआधी टिंग झालं पाहिजे, हेही सांभाळा. माझ्या एका विद्यार्थ्याचा कुत्रा पाच दिवसांनी टिंगला ढिम्म, आणि खिशात हात घातला की लाळ. शिकला होता, पण भलतंच.

पाच-सहा दिवसांनी नुसतं टिंग करा, तुकडा देऊ नका. कान, जीभ, शेपूट यांचं काय होतं ते लिहा. मग नुसतंच टिंग करत राहा. प्रतिसाद हळूहळू ओसरेल. याला विलोपन म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंग करा. संपला म्हणून ज्याची नोंद केलीत तो प्रतिसाद थोडासा परत आलेला दिसेल. ही उत्स्फूर्त पुनःप्राप्ती. म्हणजे विलोपनाने पाटी पुसली जात नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जातं.

जनावराला उपाशी ठेवून, घाबरवून किंवा दुखवून काहीही करायचं नाही. लहान मुलांवर भीतीचा प्रयोग तर मुळीच नाही.

अपवाद: कुंदा

आवाज आणि तुकडा यांत एक सेकंद पुरे म्हणाले, पण चवीचा कायदा निराळा आहे. बारावीत असताना एका लग्नातून आलेला कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) मी वाटीभर खाल्ला आणि त्याच रात्री तापाने, उलट्यांनी झोपले. घरात चौघांनी तोच कुंदा खाल्ला होता, तिघं ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. डोक्याला पटलं, जिभेला पटलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं कुंद्याच्या वासानेच पोट ढवळायचं. बेळगावच्या बाईने कुंदा खात नाही म्हणणं म्हणजे काय, ते परगावच्यांना कळणार नाही. पाहुण्यांसाठी खोकी मीच आणायची आणि नाक फिरवून उभी राहायची.

खाणं आणि उलटी यांत पाच-सहा तास गेले होते, जोडी एकदाच झाली होती, तरी ती पक्की बसली. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवलं की उंदीर मळमळीचा संबंध चवीशी लगेच लावतात, पण उजेड-आवाजाशी लावत नाहीत. झटक्याचं मात्र उलट, तो उजेड-आवाजाशी जोडला जातो, चवीशी नाही. शरीर काही जोड्या लावायला आधीपासून तयार असतं. त्यामुळे ‘कशाचीही सांगड कशाशीही घालता येते’ असं कुणी वर्गात सांगितलं, तर हात वर करा.

पायरी ४: भीती कशी बसते आणि कशी उठवायची

आमच्या भागातल्या मराठी शाळांत कन्नड शिकावं लागतं. घरात मराठी, गल्लीत मिसळ आणि पुस्तकात एकदम वेगळी लिपी. माझा मुलगा चौथीत असताना वर्गात उभा राहून कन्नड वाचता वाचता अडखळला, पोरं हसली, टेबलावर पट्टी आपटली गेली. असं तीन-चारदा झालं. मग कन्नडच्या तासाच्या दिवशी सकाळीच पोट दुखू लागलं. पुढे पुस्तकाचं हिरवं कव्हर दप्तरातून डोकावलं तरी दुखे. शेजारच्या कन्नड आजी ‘ऊट आयता?’ म्हणून जेवणाचं प्रेमाने विचारत, तर हा माझ्या पदरामागे.

आवाज पट्टीचा, हसू पोरांचं, पण भीती चिकटली अक्षरांना आणि तिथून पसरत आजींपर्यंत गेली. या पसरण्याला सामान्यीकरण म्हणतात. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांब हातोडीने ठोकली. सातेक वेळा असं झाल्यावर बाळ नुसत्या उंदराला घाबरू लागलं, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटाला. ती भीती त्यांनी काढलीही नाही. आज असा प्रयोग कुणालाही करू देत नाहीत, आणि तेच बरोबर.

मला यातली जास्त जवळची वाटते ती मेरी कव्हर जोन्स. १९२४ मध्ये त्यांनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती काढली. पीटर आवडीचं खात असताना ससा खोलीत लांब ठेवायचा, तो घाबरणार नाही इतका लांब. मग रोज थोडा जवळ. सशाला न घाबरणारी मुलंही सोबत खेळत असायची. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. भीती आणि पान्हा एकत्र नांदत नाहीत म्हटलं ना, तसंच भीती आणि निवांत खाणंही.

आम्ही मध्यवर्ती बसस्थानक निवडलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथल्या बाकावर गिरमिट (चुरमुऱ्यांचं चटपटीत खाणं) घेऊन बसायचं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये, पण लांब. वाचायचं नाही, मी विचारायचंही नाही. पहिल्या दिवशी त्याने पाट्यांकडे पाठ केली होती. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बसच्या रंगावरून, गर्दीवरून ‘ही निपाणीची असेल’ असले अंदाज सुरू झाले. मी फक्त खात होते.

तुम्हाला करायचं असेल तर क्रम असा ठेवा. भीतीच्या वस्तूची पायऱ्यांची यादी काढा, सगळ्यात हलकी पायरी तळाला. मूल निवांत आहे हे चेहऱ्यावर दिसल्याशिवाय वर चढायचं नाही. घाबरलं तर एक पायरी खाली उतरा, त्यात हार नाही. घाईने पुस्तक तोंडासमोर धरलंत तर गिरमिटाचीच भीती बसायची. क्रम इथेही महत्त्वाचा. आणि मुलाचं खाणं-झोपणं बिघडलं असेल, भीती महिनोन्‌महिने हलत नसेल, तर हे घरगुती उपाय बाजूला ठेवून समुपदेशकाकडे जा.

पायरी ५: वहीत तीन रकाने

आता दुसरा दोरा. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये भुकेली मांजरं खटक्याच्या पेटीत कोंडली, बाहेर खाणं ठेवलं. मांजर ओरबाडतं, चावतं, कधीतरी चुकून खटका दाबला जातो, दार उघडतं. पुन्हा कोंडलं की वेळ थोडा कमी लागतो, असं करत करत ते आत गेल्याबरोबर खटका दाबतं. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती टिकते. पुढे बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी उंदीर आणि कबुतरं घेऊन हे बारकाईने मोजलं.

वहीत तीन रकाने आखा: आधी, काय केलं, नंतर. एकच वागणूक निवडा. ‘अभ्यास करत नाही’ हे चालणार नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ‘ताट ढकलतो’ चालेल. माझ्या वहीतलं एक पान देते.

मंगळवार, रात्री पावणेनऊ. आधी: ताट वाढलं, मी उभ्याने फोनवर. काय केलं: ताट ढकललं, रडणं सुरू. नंतर: सासूबाईंनी मोबाईल दिला. गप्प. जेवला.

बुधवार, साडेआठ. आधी: ताट वाढलं, सगळे बसलेले. काय केलं: काही नाही, जेवला. नंतर: काही नाही.

शेवटचं ‘काही नाही’ पाहून मी ओशाळले. ढकललं की मोबाईल, नीट जेवलं की कुणाचं लक्षही नाही. पोर मूर्ख थोडंच आहे.

मंगळवारी शिकला तो एकटा मुलगा नाही. रडल्यावर त्याला मोबाईल मिळाला, हे धन प्रबलन: काहीतरी आलं आणि वागणूक वाढली. मोबाईल दिल्यावर सासूबाईंच्या कानावरचं रडणं गेलं, हे ऋण प्रबलन: त्रासाचं काहीतरी गेलं आणि त्यांचं मोबाईल देणं वाढलं. दोघं एकमेकांना पढवत होते.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं दर वर्षी निम्मा वर्ग लिहितो. धन आणि ऋण हे गणितातले आहेत, बेरीज आणि वजाबाकी. चांगलं-वाईट त्यात नाही. जांबोटीच्या पावसात छत्री उघडता, अंगावरचं पाणी थांबतं, पुढच्या वेळी छत्री लवकर उघडता. तुम्हाला कुणी शिक्षा केली का? त्रास वजा झाला आणि वागणूक वाढली, म्हणून ऋण प्रबलन. शिक्षेने वागणूक घटते, मग काही अंगावर आलेलं असो की हातातलं काढून घेतलेलं असो.

शिक्षेबद्दल थोडक्यात सांगते. ती चालते, पण शिक्षा करणारा समोर असेपर्यंत. काय करू नये ते कळतं, काय करावं ते नाही. शिवाय पट्टीची भीती कुठे जाऊन चिकटेल याचा नेम नसतो, हे वर पाहिलंच.

पायरी ६: बक्षीस किती वेळाने, त्यावर सारं

स्किनर यांचा एक किस्सा मला फार आवडतो. उंदरांना द्यायच्या खाण्याच्या गोळ्या ते स्वतः बनवत. एका शनिवारी गोळ्या संपत आल्या, म्हणून त्यांनी खटका दर वेळी दाबला की गोळी देण्याऐवजी अधूनमधून द्यायला सुरुवात केली. उंदीर दाबतच राहिले. त्यातून प्रबलनाच्या वेळापत्रकांचा अभ्यास उभा राहिला. ही वेळापत्रकं आपल्या भागात चालताबोलता दिसतात.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. ठरावीक कामाला ठरावीक मोल, म्हणून हात थांबत नाही आणि हजार झाल्यावर मात्र पाठ टेकायला दोन मिनिटं घेतली जातात. प्रयोगातली कबुतरंही अशीच बक्षिसानंतर थोडं थांबतात. परीक्षा ठरलेल्या तारखेला असते, म्हणून वर्षभर पुस्तक बंद आणि शेवटच्या आठवड्यात रात्री जागतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, तेव्हा बायका दर अर्ध्या तासाने तोटी फिरवून पाहायच्या: घाई नाही, पण थांबणंही नाही. आणि चौथं म्हणजे मटका. कितव्या आकड्याला लागेल ते ठाऊक नाही, एखाद्या वेळी लागतो. सगळ्यात चिवट सवय याच वेळापत्रकाने बसते. मोबाईलवर बोटाने वर सरकवत राहणं हे त्याचं नवं रूप आहे असं माझं मत.

म्हणून नवीन सवय लावताना सुरुवातीला दर वेळी कौतुक करा, बसू लागली की अधूनमधून. आणि मोडायच्या सवयीला अधूनमधून बक्षीस मिळत असेल, तर ती मोडणार नाही.

यावर आमच्याकडे रणकंदन झालं. जेवताना मोबाईल नाही असं ठरवलं. पहिले दोन दिवस रडणं दुप्पट वाढलं. हे होतंच, बक्षीस बंद झालं की वागणूक आधी उसळी मारते. बटण दाबून दिवा लागला नाही की आपणही ते चारदा जोरात दाबतो. तिसऱ्या रात्री मी भांडी घासत होते तेवढ्यात आतून गाण्याचा आवाज आला. सासूबाईंनी पदराआड मोबाईल धरून दिला होता. “अगं, लेकरू उपाशी निजंल की!” आता झालं काय, तर दोन दिवस रडून तिसऱ्या दिवशी मिळतं हे तो शिकला. नुसता हट्ट होता, त्याचा मी मटका केला. घरातल्या सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय विलोपन सुरू करू नका. आधी आजीला चहाला बसवा, वहीतलं पान दाखवा, मग तारीख ठरवा. आम्ही दुसऱ्यांदा तसं केलं, आणि सासूबाईंनीच नवं कलम घातलं: नीट जेवला तर नंतर त्या गोष्ट सांगणार. मोबाईल बंद करण्यापेक्षा या गोष्टीने जास्त काम केलं.

पायरी ७: थोडं थोडं घडवणं, आणि माझी चॉकलेटं

पूर्ण कृती एकदम येत नसेल तर तिच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला दाद द्यायची आणि हळूहळू अपेक्षा वाढवायची, याला घडण म्हणतात. स्किनर यांनी कबुतरांना असंच नाना गोष्टी करायला शिकवलं. बसस्थानकावर भीती ओसरल्यावर आम्ही पाटीवरचं एकच अक्षर धरलं, ‘बे’. ज्या पाटीत ते दिसेल तिच्याकडे नुसतं बोट. मग ‘बे’ने सुरू होणारं गाव तोंडाने. मग दुसरं अक्षर. संपूर्ण नाव वाचायला तीन आठवडे गेले. कन्नड ‘प’ आणि ‘व’ त्याला बरेच दिवस सारखेच दिसत. असा फरक ओळखायला शिकण्याला भेदबोधन म्हणतात, आणि त्यासाठी दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी ठेवावी लागतात.

इथवर छान चाललं होतं. मग मला अक्कल सुचली आणि मी वाचलेल्या दर पाटीला एक चॉकलेट लावलं. आठवड्यात तो धडाधड वाचू लागला. एका संध्याकाळी चॉकलेटं घरी राहिली. त्याने बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मग वाचू कशाला?”

आपणहून गोडी लागलेल्या कामाला आधी कबूल केलेलं बक्षीस लावलं तर गोडी कमी होऊ शकते. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर हे दाखवलं: बक्षिसाच्या कबुलीवर चित्रं काढलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून वस्तूचं बक्षीस द्यायचं तर सुरुवातीलाच, कामात गोडी नसताना, आणि लवकर काढून घ्यायचं. ‘आज निपाणी आणि चिकोडी दोन्ही ओळखलीस’ असं नेमकं सांगणं बहुतेक वेळा पुरतं.

किती दिवस लागतील, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो, त्यावर विसंबू नका. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ वर गेला.

पायरी ८: चौथा रकाना

मुलगा बसस्थानकावर पाट्या वाचू लागला, घरी वाचू लागला, शेजारच्या आजींना ‘ऊट आयतु’ म्हणूनही उत्तर देऊ लागला. वर्गात मात्र पुन्हा गप्प. मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. त्याच सुमारास माहेरी भावाने एक दुभती म्हैस पलीकडच्या गावात विकली. दुसऱ्याच दिवशी घेणाऱ्याचा फोन, म्हैस दूधच देत नाही, फसवलंत. वहिनी मला म्हणाली, “वन्सं, म्हैस तीच हाय, पर गोठा त्यांचा नवा, माणसं नवी. ती काय करील?” तिने आपली जुनी बादली मोटरसायकलवरून पाठवून दिली, आणि पहिले चार दिवस धारेच्या वेळी रेडकू समोरच बांधा म्हणून सांगितलं.

एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. एका जागी विझलेली भीतीही दुसऱ्या जागी तशीच जागी असते. बसस्थानकाची बादली वर्गात न्यावी लागली. त्याच्या बाईंना भेटून ठरवलं की पहिले काही दिवस त्याने उभं न राहता, जागेवरूनच, बसच्या पाटीवरची दोनच नावं वाचायची. त्या दिवशी घरी येऊन मी वहीत आणखी एक रेघ मारली. तुम्ही पहिल्याच दिवशी मारा. चौथ्या रकान्यावर लिहा: कुठे.